करोडोंच्या बॉक्सिंग लढतींनी खेळाचं भलं होतं का? तालुक्याच्या गावातल्या एका कोचचं उत्तर

मेहकरकडच्या एका दादांनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा पुतण्या १४ वर्षांचा. माइक टायसन आणि यूट्यूबवरून नावारूपाला आलेल्या जेक पॉलची लढत मोबाईलवर पाहिली तेव्हापासून त्याला बॉक्सिंगचं वेड लागलंय. गोठ्यात पोतं टांगून दोन्ही हातांनी ठोकत बसतो. दादा विचारतात, "एका रात्रीत करोडो कमावणाऱ्या या लढतींनी बॉक्सिंगचं भलं होतं की वाटोळं? आणि हे पाहून खेळाकडे वळलेल्या पोराला पाठवावं का?"

दादा, मी २२ वर्षांपासून दर्यापूर तालुक्यात पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतो. व्यावसायिक रिंगमध्ये मी कधी उतरलो नाही, त्यामुळे तिथले आतले करार मला पाठ नाहीत. पण प्रत्येक मोठ्या लढतीनंतर माझ्या दारात कोण येतं, किती दिवस टिकतं आणि काय डोक्यात घेऊन येतं, ते मी जवळून पाहिलंय. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी प्रश्न थोडा सरळ करून घेऊ. पैसा मोठा असणं हा माझ्या लेखी गुन्हा नाही. डोक्याला मार खाणाऱ्या माणसाला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. पाहायचं असतं ते दोन गोष्टींत. वर आलेला पैसा खाली पोचतो का, आणि ती लढत पाहून उठलेलं पोरगं हरण्याबद्दल काय शिकून उठतं. पहिल्या गोष्टीवर सगळेच बोलतात. माझ्या मते खरं नुकसान दुसरीत आहे.

३ मे २०१५, रविवार. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओची लढत लास वेगासला २ मेच्या रात्री होती, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी. उन्हाळा असा की नऊ वाजताच पत्रा तापलेला. एका पोराच्या घरी आम्ही वीस-बावीस जण टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. त्या लढतीची अमेरिकेत घरबसल्या ४६ लाख कनेक्शनं विकली गेली, एकेकाची किंमत १०० डॉलरच्या आसपास. नुसत्या त्या विक्रीचे ४० कोटी डॉलरच्या वर झाले. पोरांना आकडे माहीत होते, त्यामुळे काहीतरी आभाळ फाटेल असं वाटत होतं. मेवेदर बाराही राउंड मागे सरकत, खांदा वर करून पंच अडवत, मोजून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारत राहिला आणि गुणांवर जिंकला. सातव्या-आठव्या राउंडला एक पोट्टा वैतागला, "सर, याले कायचे एवढे पैसे भेटले? हा तं नुस्ता पयते!"

त्या दिवशी मी त्यांना अंगणात नेलं आणि मेवेदर काय करत होता ते दाखवलं. मागचा पाय कुठे, वजन कुठे, समोरच्याचा डावा हात निघायच्या आधीच डोकं कसं बाजूला. तंत्राच्या दृष्टीने तो माणूस सोनं आहे, यात मला शंका नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर १७ नवी पोरं हजर होती. जूनमध्ये पेरणी लागली तोवर त्यातली चार उरली.

त्या १७ जणांपैकी जवळजवळ प्रत्येकाला मेवेदरबद्दल एकच गोष्ट तोंडपाठ होती: तो कधीच हरलेला नाही. पुढे २०१७ मध्ये कॉनर मॅकग्रेगरशी लढून त्याने तो आकडा ५० विजय, शून्य हार असा केला. मॅकग्रेगर मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा मोठा खेळाडू, पण व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती त्याची पहिलीच लढत. पन्नासावा विजय बॉक्सिंगमध्ये पदार्पण करणाऱ्या माणसावर! आणि पॅकियाओसोबतची लढत? तिची बोलणी २००९ च्या शेवटी सुरू झाली होती. रक्त-लघवीच्या चाचण्या, पैशाची वाटणी, असं करत करत साडेपाच वर्षं गेली. रिंगमध्ये उतरले तेव्हा एक ३८ वर्षांचा होता, दुसरा ३६ चा, आणि मधल्या काळात पॅकियाओ मेक्सिकोच्या मार्केझकडून नॉकआउट होऊन आला होता. लढत व्हायला हवी होती तेव्हा झाली नाही, कारण न हरलेला आकडा हाच धंद्याचा माल झाला होता. माल फुटू नये म्हणून तो कपाटात ठेवतात, तसं झालं.

आता हे खाली कसं उतरतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी जिल्हा शालेय स्पर्धेच्या वजनाच्या दिवशी एका पोराचे वडील मला बाजूला घेऊन गेले. चांगला कष्टाळू कास्तकार माणूस. म्हणाले, "सर, त्या अमुक शाळेच्या पोराच्या गटात आपलं पोरगं नका टाकू. याले अर्ध्या किलोनं वरच्या गटात नेता येते का, पाणी पाजून? आतापर्यंत हरला नाही, रेकॉर्ड खराब होईल." पोराच्या एकूण लढती किती, तर तीन. तीन लढतींचं रेकॉर्ड वाचवायला बाप पोराला पाणी पाजायला तयार. मी नाही म्हटलं. पोरगा त्याच गटात खेळला आणि हरला. दुसऱ्या राउंडला नाकातून रक्त आलं, रेफरीने थांबवून पुसलं, तिसरा राउंड त्याने पूर्ण खेळला.

खाली उतरल्यावर मी त्याच्या हातावरचं बँडेज सोडत होतो. आमच्याकडे बऱ्याच पोरांची बँडेजं घरच्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्यांची असतात, टोकाला नाडी शिवलेली. याचं हिरव्या काठाचं होतं, आजीच्या लुगड्याचं. घामाने आणि रक्ताने ओलं होऊन गाठ आवळली होती, ती मी दाताने सोडवली. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. म्हणाला, "सर, आता मी संपलो ना?" वय १५ वर्षं.

हा "संपलो" शब्द त्याला मी शिकवला नव्हता, त्याच्या बापानेही नाही. तो मोबाईलमधून आला होता. हौशी बॉक्सिंगमध्ये, म्हणजे शाळेपासून ऑलिम्पिकपर्यंतच्या बॉक्सिंगमध्ये, पोरगं पहिल्या दोन-तीन वर्षांत हरणारच. ड्रॉमध्ये समोर कोण येईल ते आपल्या हातात नसतं. जो येईल त्याच्याशी खेळायचं. व्यावसायिक खेळात समोरचा निवडता येतो, आणि पैसा जितका मोठा तितकी निवड जपून होते. पोरांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही. त्यामुळे पहिल्या हारीला पोरगं घरी बसतं. त्या चार टिकलेल्यांपैकीही दोघं असेच गेले.

म्हणून माझा राग पैशावर नाही, शून्याच्या पूजेवर आहे. पैसा आणि खरी लढत एकत्र नांदू शकतात, याचा सगळ्यात मोठा दाखला ५५ वर्षांपूर्वीचा आहे. ८ मार्च १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, मुहम्मद अली विरुद्ध जो फ्रेझर. दोघांनाही प्रत्येकी २५ लाख डॉलर, त्या काळात डोळे फिरवणारी रक्कम. दोघंही तोवर न हरलेले. पंधराव्या राउंडला फ्रेझरच्या डाव्या हूकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, अली पाठीवर पडला, उठला, आणि गुणांवर हरला. त्यानंतर काय झालं? अलीची किंमत कमी झाली का? १९७४ मध्ये त्याने फ्रेझरला हरवलं, त्याच वर्षी किन्शासात तेव्हाचा विजेता फोरमनला हरवलं, १९७५ मध्ये मनिलात पुन्हा फ्रेझरला. कारकिर्दीत त्याच्या नावावर पाच पराभव आहेत आणि तरी जगात बॉक्सर म्हटलं की त्याचंच नाव निघतं. त्या पोराला मी हेच सांगितलं होतं. आज तो राज्य राखीव पोलीस दलात (एसआरपीएफ) आहे, सुट्टीत आला की लहान पोरांना पॅड धरतो.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर युक्रेनचा उसिक आणि इंग्लंडचा फ्युरी यांचं घ्या. हेवीवेटमध्ये चारही संघटनांचे पट्टे एका माणसाकडे यावेत अशी लढत प्रमोटरांच्या भांडणात वर्षानुवर्षं अडकायची. मे २०२४ मध्ये रियाधमध्ये सौदीचा पैसा आला आणि ती झाली. लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदा हेवीवेटचा एकच निर्विवाद विजेता ठरला, ओलेक्सांद्र उसिक. म्हणजे मोठ्या पैशाने अडलेली गाडी ओढूनही काढली.

आता तुमच्या पुतण्याने पाहिलेल्या लढतीकडे येतो. १५ नोव्हेंबर २०२४, टेक्सास. टायसन ५८ वर्षांचा, जेक पॉल २७ चा. राउंड तीनऐवजी दोन मिनिटांचे, बारा नाही तर आठ, ग्लोव्ह्ज १४ औंसांचे. टायसनचे पाय दोन-तीन राउंडांतच थकले, तो तोंडात ग्लोव्ह चावत उभा होता. मला ते पाहवलं नाही. १९८६ मध्ये विशीत हेवीवेट विजेता झालेला माणूस, आणि आमच्या पोरांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असं. ती लढत खेळाच्या शिडीवरून आलेली नव्हती. एक नाव आणि एक मोबाईलवरचा चेहरा, दोघांना समोरासमोर उभं केलं. अशा लढतीला माझा विरोध आहे आणि राहील.

पण त्याच रात्रीची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. टायसनच्या आधी त्याच रिंगमध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो दहा राउंड लढल्या. डोकी आदळून सेरानोच्या डोळ्यावर खोल जखम झाली, चेहरा रक्ताने भरला, तरी ती पुढेच येत राहिली. तिन्ही पंचांनी टेलरला ९५-९४ असं एका गुणाने विजयी दिलं. माझ्याकडे सात मुली शिकतात. त्यांनी टायसनची लढत एकदा पाहिली आणि टेलर-सेरानोची किती वेळा, ते मोजलेलं नाही. त्यातली एक, रोज सहा किलोमीटर सायकल मारून येणारी, सेरानोसारखं शरीरावर मारून मग वर हूक काढायला शिकली, मी सांगायच्या आधी. आणि सेरानोची प्रमोटर कंपनी कोणाची? जेक पॉलचीच. नेटफ्लिक्सवर ज्या करोडो लोकांनी टायसनसाठी टीव्ही लावला, त्यांच्यासमोर या दोघींचं खरं बॉक्सिंग आलं. पुढच्या जुलैमध्ये त्याच दोघींची तिसरी लढत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुख्य लढत म्हणून झाली. मुलींसाठी हा दरवाजा त्या मोठ्या पैशानेच रुंद केला, हे मला मान्य करावं लागतं.

त्याच रात्रीच्या लढतींच्या यादीत, म्हणजे कार्डावर, आपला हरियाणाचा नीरज गोयतही होता. भारतातल्या सगळ्यात अनुभवी व्यावसायिक बॉक्सरांपैकी एक. त्याच्यासमोर कोण, तर ब्राझीलचा एक विनोदी कलाकार. नीरज जिंकला, नाव झालं, पैसे मिळाले, त्याचा मला आनंद आहे. पण इतक्या वर्षांच्या कष्टानंतर मोठ्या मंचावर यायला अशी जोड लागावी, याचं वाईटही वाटतं. माझ्या मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी आहेत.

आता पैसा खाली का येत नाही, ते. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारं, पिकाला चालत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगचा पैसा मला तसाच दिसतो. क्रिकेटशी तुलना करा म्हणजे कळेल. आयपीएलमध्ये कितीही तमाशा म्हणा, मालक एकच बोर्ड आहे आणि त्याचा वाटा राज्य संघटनांना जातो. त्यातून मैदानं होतात, अकादमी चालतात. नागपूरजवळचं जामठ्याचं स्टेडियम पाहा. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि मग २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक आणला. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव भारताकडून खेळला. बॉक्सिंगमध्ये वर चार-चार संघटना, प्रत्येकीचा वेगळा पट्टा, प्रमोटर वेगळे, वाहिन्या वेगळ्या. लास वेगासच्या लढतीतला एक रुपया गावातल्या रिंगला द्यावा असं कोणावर बंधनच नाही. ज्या हौशी स्पर्धांतून हे खेळाडू तयार होतात (मेवेदर अटलांटा ऑलिम्पिकचा कांस्यपदक विजेता, उसिक लंडन ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता) तिथे त्या पैशातलं काही परत येत नाही.

कुस्तीच्या दंगलीचं गणित तुम्ही मेहकरकडचे आहात म्हणजे पाहिलंच असेल. पोळ्यानंतर आमच्याकडे दंगली भरतात. आधी नारळाच्या इनामाच्या कुस्त्या, बारकी पोरं मातीत लोळून घेतात, मग दहा-वीस-पन्नास रुपयांच्या, आणि दिवस मावळताना शेवटची मोठ्या इनामाची जोड. शेजारच्या एका गावात एका वर्षी समितीने सगळी वर्गणी शेवटच्या जोडीवर लावली. बाहेरून दोन नावाजलेले पहिलवान आणले. पैसे पुरेनात म्हणून पोरांच्या कुस्त्या काढून टाकल्या. गर्दी तुफान झाली. दोन्ही पहिलवान अर्धा तास एकमेकांची मानगूट धरून फिरले आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या वर्षी त्या गावच्या आखाड्यात संध्याकाळी मेहनतीला पोरं नव्हती, कारण त्यांना लंगोट लावून मातीत उतरायची वेळच आली नव्हती. मोठं इनाम वाईट नव्हतं. नारळ बंद केले ते वाईट झालं.

म्हणून मी कुठलीही मोठी लढत तोलताना तीन गोष्टी बघतो. दोघं त्या वजनातले खरे वरचे आहेत का, आणि योग्य वयात भेटताहेत का. खालच्या लढतींत होतकरू खेळाडूंना खरी जोड मिळाली का. आणि हरलेल्याला पुढे जागा आहे का. तिन्ही जुळलं तर पैसा कितीही असो, मी पोरांना पहाटे उठवून दाखवतो.

पण खरं सांगू का दादा, २२ वर्षांत माझ्या मैदानावर पोरं टिकवली ती कुठल्याच लास वेगासच्या लढतीने नाही. २००८ मध्ये विजेंदर सिंगने बीजिंगला कांस्य आणलं, तेव्हा आलेली पोरं टिकली. २०१२ ला मेरी कोमचं पदक आलं, तेव्हा पहिली मुलगी आली. २०२१ मध्ये नागपूरच्या अल्फिया पठाणने पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तेव्हा घरचे स्वतः मुलींना घेऊन आले. कारण त्या खेळाडूंमागे शिडी दिसत होती: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. दहावी-बारावीला सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, सैन्य, पोलीस. कोरडवाहू शेती असलेल्या घरात ही शिडी किती मोलाची असते ते तुम्हाला सांगायला नको.

आणि ती शिडीच मधे डळमळली होती. बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेच्या कारभारामुळे ऑलिम्पिक समितीने २०२३ मध्ये तिची मान्यता काढली, लॉस एंजेलिस २०२८ च्या यादीत बॉक्सिंग नव्हतं. मार्च २०२५ मध्ये नव्या संघटनेला हंगामी मान्यता मिळून गेल्यावर बॉक्सिंग परत घेतलं गेलं. त्या दिवशी मी मैदानावर पेढे वाटले. टायसनच्या लढतीवर महिनाभर बोलणाऱ्या एकाही चॅनेलवर मला ही बातमी दोन मिनिटांच्या वर दिसली नाही. आमच्या पोरांच्या आयुष्याला मात्र तीच बातमी जास्त मोठी होती.

धोक्याबद्दल घरच्यांना काळजी असेल, ती रास्त आहे. १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या राउंडला नॉकआउट होऊन कोसळला आणि त्यातच त्याचा जीव गेला, त्यानंतर व्यावसायिक लढती पंधरावरून बारा राउंडांवर आल्या. शालेय बॉक्सिंग त्यापेक्षा खूप वेगळं आहे: तीनच राउंड, डोक्याला हेडगार्ड, रेफरी पटकन थांबवतो, लढतीआधी डॉक्टर तपासतो. धोका शून्य नाही, पण शिस्तीच्या कोचकडे तो आटोक्यात असतो.

तर पुतण्याला पाठवा. टायसन पाहून आला म्हणून हिणवू नका, काहीतरी पाहूनच सगळे येतात. फक्त कोच नीट पारखून घ्या. पहिल्या आठवड्यातच दुसऱ्या पोराशी स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, लावत असेल तर तिथून परत आणा. किमान तीन महिने उभं राहणं, पाय, गार्ड आणि जॅब, एवढंच झालं पाहिजे. त्याला एक प्रश्न सरळ विचारा: "तुमची किती पोरं पहिली लढत हरली आणि अजून येतात?" जो कोच बोटं मोजून नावं सांगेल, त्याच्याकडे ठेवा. आणि तुमच्या घरात एक गोष्ट आधीच ठरवून टाका, पहिल्या हारीच्या दिवशी त्याला काय जेवायला करायचं. आवडीचं करा, जिंकल्यावर करता तेच.

गोठ्यातलं पोतं तेवढं उतरवा. त्यात रेती असेल तर मनगट दुखावेल, आणि उघड्या हाताने तर मुळीच मारू देऊ नका. पोत्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या दाबून भरा, त्याच्या छातीच्या उंचीवर टांगा, हाताला सुती पट्टी गुंडाळून द्या, अंगठ्यापासून सुरू करून मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या गाठींवरून. पट्टी इतकी घट्ट हवी की मूठ वळली की आवळेल आणि उघडली की सैल होईल. पहिल्या दिवशी दोरी, पट्ट्या आणि पाण्याची बाटली देऊन पाठवा, आणि नखं कापलेली असू द्या.